हरितगृहाची उंची

दरवर्षी थंडीत टोमॅटोची रोपे मरत, म्हणून जावयाने परसात काचेचे छोटे हरितगृह उभारायचे ठरवले. तो नकाशे काढणारा. नमुना निवडताना उन्हाची दिशा, वाऱ्याचा रोख, पूर्ण वाढलेल्या रोपाची उंची, सारे त्याने काटेकोरपणे मोजले.

“एवढ्या थाटात माणसंसुद्धा राहत नाहीत,” घरातच राहणाऱ्या सासूबाईंनी टोमणा मारला.

रविवारी सांगाडा उभा राहिला, काचा बसल्या, कुंड्या आत गेल्या. पाणी घालायला जावई आत शिरला, तो कमरेत दुमडूनच.

“अहो, स्वतःला मोजायचं राहिलं वाटतं!” बायको हसली. पण तिचेही डोके छताला लागत होते. आत ताठ उभे राहू शकेल असे घरात एकच माणूस होते.

“आई, रोज जरा पाणी घालाल?” त्याने सासूबाईंना विचारले.

“आता बरी आठवण झाली म्हातारीची!” म्हणत सासूबाई झारी घेऊन आत गेल्या आणि थेट कुंड्यांच्या जागा बदलू लागल्या. कासावीस जावई काचेला नाक लावून खाणाखुणा करू लागला.

“जावईबापू, बाजूला व्हा,” आतून हुकूम आला. “माझ्या रोपांवर तुमची सावली पडतेय.”