एमॉसला द्यायचं उत्तर

थॉर्नबी हॉल या लॉर्डसाहेबांच्या इंग्लंडातल्या वाड्यात आम्हा मोलकरणींचा जिना वेगळा, पुरुष नोकरांचा वेगळा. बोलताना सापडलं की दोघांनाही नारळ. मोकळीक वर्षातून एकदाच, जानेवारीत, नोकरांच्या नाचाला. पहिला नाच लॉर्डसाहेब हाउसकीपरबाईंबरोबर करत, थोरल्या बाईसाहेब बटलरबरोबर. दोन नाच झाले की मालकमंडळी वर जात आणि आम्ही सुटकेचा निःश्वास सोडत असू.

एमॉस मेजाशी वाढायचा. उंच, आणि तोंडाचा फटकळ. त्या वर्षी तो कॅनडाला निघाला होता. नाचातूनच उठून स्टेशन गाठायचं होतं. आदल्या रविवारी चर्चहून परतताना तो माझ्या मागून चालत पुटपुटला, "केझाया, मी तिकडे बस्तान बसवलं की येशील का गं? लग्न करू. आत्ता बोलू नकोस, हाउसकीपर म्हातारी बघतेय. नाचताना सांग. हो म्हणालीस तर तिथून पत्ता कळवतो."

मला तिथल्या तिथे हो म्हणायचं होतं.

नाचाच्या दिवशी लॉर्डसाहेब वर गेले, पण त्यांच्या कन्या, लेडी लविनिया, थांबल्या. मनाने फार चांगल्या, हीच तर पंचाईत. "बिचारा एवढ्या लांब चाललाय," म्हणत त्यांनी एमॉसचा हात धरला. एक नाच, मग दुसरा, मग तिसरा. मालकिणीला नाही म्हणायची आमची प्राज्ञा नव्हती. मी भिंतीशी उभी. तो वळणावर माझ्याकडे बघायचा, मी मान हलवीपर्यंत त्याची पाठ व्हायची. इतका राग मला जन्मात आला नव्हता. शेवटी गाडीवाल्याने दारातून हाक मारली आणि तो कोट उचलून धावला.

सकाळी मी लेडी लविनियांच्या खोलीत विस्तव पेटवत होते. त्या चहा घेत म्हणाल्या, "एमॉस छान नाचतो गं. मी विचारलं, मागे कुणी आहे का? म्हणाला, एकीला विचारलंय, पण ती काही बोलली नाही. मी म्हटलं, अरे वेड्या, गप्प बसली म्हणजे नाहीच. खुशाल जा, मागचं काही मनात ठेवू नकोस. बरोबर सांगितलं ना मी?"

"हो, बाईसाहेब," मी म्हणाले. त्यांना हो म्हणायला मला कधीच वेळ लागला नव्हता.

कॅनडाहून पत्ता आला नाही. अजूनही फाटकातून कुणी उंच माणूस आत आला की मी हातातलं काम टाकून बघते.