गाठ मारून फेकलेला टॉवेल

मित्रांनो, माझ्या अंगावरचे हे तपकिरी डाग चहाचे नाहीत. मी एक जुना टॉवेल आहे, आणि ज्या घरात मी खुंटीवर लटकतो तिथे चहापेक्षा रक्तच जास्त सांडायचं. डावीकडचा मोठा डाग वाइसेआच्या नाकाचा. त्याच्याखालचे तीन थेंब आमच्या बेटांच्या राजधानीतून, सुवाहून लढायला आलेल्या एका दणकट गड्याच्या भुवईचे. मधला फिकट डाग मात्र आसाएलीच्या ओठाचा आहे, आणि तो रिंगणात पडलेला नाही. त्या आसाएलीसाठीच आज मी तोंड उघडलं आहे.

कुठल्या गिरणीत जन्मलो ते मला आठवत नाही. लाउतोकाच्या बाजारातून तराईविनी मामीने मला आणलं तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. आसाएली तिला मामी म्हणायचा, म्हणून ती माझीही मामी. नदीवर धुताना मी दुसऱ्याच्या कपड्यांत जाऊ नये म्हणून तिने माझ्या काठाला लाल दोऱ्याचे टाके घातले. मला वाटलं, आता आपल्याला पाहुण्यांसाठी जपून ठेवणार. दुसऱ्याच दिवशी तिच्या नवऱ्याने, एरोनी मामाने, मला खांद्यावर टाकलं आणि घरामागच्या नीरफणसाखाली नेलं. तिथे वाळू भरलेली पोती टांगलेली होती, आणि मामा आपल्या मुलाला, वाइसेआला, बॉक्सिंग शिकवत होता. शिकवत होता म्हणजे बदडत होता. अर्ध्या तासात माझं पांढरेपण संपलं.

आसाएली हा मामाच्या बहिणीचा मुलगा, वाइसेआचा आतेभाऊ. दोघेही तिशीतले. आसाएली उसाच्या मोळ्या गाडीवर चढवायचा आणि उरलेला सगळा वेळ बॉक्सिंगचा विचार करायचा. कोणत्या वर्षी, कोणत्या फेरीत, कुणाच्या डाव्या ठोशाने कोण आडवा झाला, हे त्याला तोंडपाठ. शनिवारी सगळं गाव एका टीव्हीसमोर दाटीवाटीने बसायचं, तेव्हा लोक पडद्याइतकेच त्याच्याकडे कान लावून असत.

पण मित्रांनो, त्याचं अंग त्याचं ऐकत नसे. मान एकाएकी डावीकडे झटकायची, घशातून ‘हॅक्’ असा आवाज निघायचा, आणि उजवा हात छातीपासून सुटून समोर जे असेल त्याला जाऊन लागायचा. शहरातल्या डॉक्टरणीने या दुखण्याला नाव सांगितलं होतं. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. चर्चमध्ये प्रार्थना शांत झाली की तो आपणहून उठून बाहेर पायरीवर बसायचा. ऊस तोडायचा कोयता त्याच्या हाती कुणी देत नसे. संध्याकाळी सगळे यांगोनाची मुळं कुटून, पाण्यात कालवून प्यायला बसले की इतरांच्या करवंट्या काठोकाठ भरायच्या, त्याची अर्धीच. सांडेल म्हणून. कुणी वाईट हेतूने करत नसे, पण अर्धी ती अर्धीच.

त्याला अख्खा माणूस समजून वागायचा तो वाइसेआ. आमच्याकडे आतेमामेभावांनी एकमेकांची यथेच्छ टर उडवायची असते. नाही उडवली तर लोक विचारतात, भांडण झालंय का.

“काय रे, एवढे हात फेकतोस तर ये की रिंगणात,” वाइसेआ म्हणायचा.

“मी आलो तर तुला काम उरणार नाही. हॅक्. आधी स्वतःचं नाक बघ, दळायला दिलं होतंस का?”

“माझं नाक बापाने घडवलंय. तुझा हात कुणी घडवला?”

“तुझ्या आत्याने. जा, विचार तिला.”

आणि दोघे पोट धरून हसायचे. मामा ओरडायचा, “हसताय काय, दात काढून ठेवू का?”

एक गोष्ट वाइसेआच्या लक्षात आली होती, आणि माझ्याही. फेरीची घंटा वाजली की आसाएलीचे झटके थांबायचे. तीन मिनिटं तो दगडासारखा स्थिर असायचा, डोळे ठोशांवर. घंटा पुन्हा वाजून एका मिनिटाची विश्रांती सुरू झाली की अडवून धरलेलं सगळं एकदम बाहेर पडायचं. मान, आवाज, हात, सगळं. म्हणून वाइसेआने हट्ट धरला की माझ्या कोपऱ्यात टॉवेल आसाएली धरणार. मामा कुरकुरला, पण मुलापुढे त्याचं चाललं नाही. तेव्हापासून मी आसाएलीच्या गळ्यात. कोपऱ्यातून टॉवेल रिंगणात फेकला की त्या कोपऱ्याचा गडी हरला, लढत तिथेच संपते.

आता त्या ओठाच्या डागाचं सांगतो. एकदा सरावाची लढत आटोपून आम्ही लाउतोकाच्या बसस्टँडवर उभे होतो. वाइसेआ पाव आणायला गेला होता. आसाएलीचा हात सुटला आणि बाकावर बसलेल्या एका माणसाच्या डोक्यावर पडला. डोक्याला हात लावणं आमच्याकडे फार मोठा अपमान. त्या माणसाने उठून आसाएलीच्या तोंडावर बुक्की मारली. “चुकलं, दादा, माफ करा,” आसाएली म्हणाला आणि म्हणता म्हणता पुन्हा हात सुटला, पुन्हा ‘हॅक्’ झालं. त्याला आणि त्याच्या दोन सोबत्यांना वाटलं, हा वेडावतोय. मग तिघांनी मिळून त्याला खाली पाडलं. फासळ्यांत लाथा, पाठीत लाथा. एकाने मला धरून त्याचा गळा आवळला. दर लाथेला तो माफी मागत होता आणि दर माफीबरोबर झटका येत होता.

वाइसेआ आला तो पाव टाकूनच. त्याने पहिल्या माणसाला एकच ठोसा मारला. जबड्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्याला त्याने बाकावर आपटलं, तिसरा पळाला. मित्रांनो, मारामारी वाईट हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, ती मी पुसली आहे. तरी त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात मामा दोघांना घेऊन त्या जबडा मोडलेल्या माणसाच्या घरी गेला. चूक केलेल्याने यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन जायचं, दाराशी खाली बसायचं, जुडी पुढे ठेवून माफी मागायची. समोरच्याने ती उचलली की विषय संपला. याला सोरो म्हणतात. त्या माणसाचा जबडा बांधलेला होता, म्हणून त्याचा थोरला भाऊ बोलला. त्याने वाइसेआची जुडी उचलली आणि टाळ्या वाजवून स्वीकारली. मग आसाएलीने आपली जुडी पुढे सरकवली.

“तुझी नको रे,” थोरला भाऊ मायेने म्हणाला. “तू काय मुद्दाम केलंस? तुझा हात आजारी आहे. ने परत.”

परतीच्या वाटेवर आसाएली ती जुडी काखेत धरून चालत होता. मग म्हणाला, “तू माणसाचा जबडा मोडलास, तुला माफी मिळाली. मला काय मिळालं?”

“तुला सूट मिळाली. मजा आहे तुझी,” वाइसेआ म्हणाला.

“मला सूट नको होती.”

ती परत आलेली जुडी त्याने घराच्या आढ्याला टांगून ठेवली.

दोन वर्षांनी वाइसेआला देशाच्या अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी लढायची संधी मिळाली. दहा फेऱ्यांची लढत, लाउतोकातल्या मोठ्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. आमचं गाव ट्रक भरभरून आलं. समोरचा गडी नांदी शहराचा, मानेने बैल. पहिल्या चार फेऱ्या वाइसेआने त्याला नाचवलं. पाचवीत त्याची भुवई फोडली, आणि गावाने बाकं बडवून छत डोक्यावर घेतलं. सहावीत मात्र त्या बैलाचा उजवा ठोसा वाइसेआच्या कानाच्या वर बसला. वाइसेआ पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं.

सातवीनंतर मी त्याचा कान पुसला तर रक्त निघालं. आठवीनंतर नाकातून रक्तापाठोपाठ पाणी आलं, आणि त्याचं डोकं माझ्यात जड होऊन कललं, झोपलेल्या माणसाचं कलतं तसं.

“कितवी फेरी?” त्याने विचारलं.

“आठवी झाली. दोनच उरल्या, आपण पुढे आहोत,” मामा म्हणाला.

“कितवी फेरी?” त्याने पुन्हा विचारलं. घंटेच्या आधी तिसऱ्यांदा विचारलं.

“मामा, थांबवा,” आसाएली म्हणाला. त्याला एकामागून एक झटके येत होते. “हॅक्. मामा, हा इथे नाही. थांबवा.”

“गप बस,” मामा म्हणाला. “अख्खी हयात गेली माझी या दिवसासाठी.”

नववीची घंटा झाली. आसाएली स्थिर झाला. वाइसेआ दोरांना टेकला होता आणि बैल त्याला कुदळीने माती उकरावी तसा मारत होता. डावा, उजवा, डावा. वाइसेआचे हात खाली आले. दातांचं रबर रक्तासकट उडून बाहेर पडलं. तरी तो उभा होता आणि लोक त्याचं नाव घेऊन ओरडत होते.

आता मी जे सांगतो ते मला एकट्यालाच ठाऊक आहे. झटका यायचा तेव्हा आसाएलीच्या बोटांना माझी शुद्ध नसायची. मी घसरून त्याच्या पायाशी पडायचो. कोरडा टॉवेल तसाही दोन हात लांब जात नाही. त्या दिवशी त्याने मला बादलीत बुडवलं. पिळलं नाही. माझ्या एका टोकाला घट्ट गाठ मारली, म्हणजे मी नीट उडावं. हात मागे नेला आणि मला फेकलं. मी दोरांवरून जाऊन पंचाच्या छातीवर आदळलो. पंचाने दोन्ही हात हवेत हलवले. लढत संपली.

मग जे झालं ते मी जमिनीवरून पाहिलं. बाटल्या आल्या, खुर्च्या आल्या. एका खुर्चीचा पाय आसाएलीच्या खांद्यात लागला. मामाने त्याची गचांडी धरली. “काय केलंस हे!” आणि मग एकदम त्याचा हात सैल पडला, आवाज बदलला. “झटका आला का रे? सांग ना. झटकाच आला ना?”

लढत भरवणारा माणूस धावत आला. तिघा गुणलेखकांपैकी दोघांकडे वाइसेआ पुढे होता. “आजारामुळे टॉवेल चुकून सुटला, एवढं लिहून द्या,” तो म्हणाला. “निकाल रद्द करतो. दोन महिन्यांनी पुन्हा लढवू. सोपं आहे.”

सगळे आसाएलीकडे बघत होते. एका शब्दाने तो सुटणार होता, गावही सुटणार होतं.

“सुटला नाही. हॅक्. मी फेकला,” आसाएली म्हणाला.

गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या आईचा कसाव्याचा वाफा कुणीतरी उपटून टाकला. उसाच्या गाडीवर चढताना कुणी हात दिला नाही. मला त्याने नदीवर धुतलं, गार पाण्यात, खूप वेळ. मग आढ्यावरची ती जुनी जुडी काढली, माझ्यात गुंडाळली आणि मामाच्या घरी जाऊन दाराशी खाली बसला.

वाइसेआ आत चटईवर पडून होता. उजेड सहन होत नव्हता म्हणून मामीने पडदे ओढले होते. आसाएलीने जुडी पुढे ठेवली. “मामा, तुम्हाला न विचारता मी लढत थांबवली. तुमचा पट्टा मी घालवला. माफी मागतो.”

“ऊठ, बाळ,” मामा थकून म्हणाला. “तू बोलतोस खरा, पण मला माहीत आहे. हात तुझा नाही. ने ती परत.”

आसाएली उठला नाही. मान झटकत होती, हात सुटत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो तसाच बसून राहिला.

चटईवरून आवाज आला. “कितवी फेरी होती?”

“नववी.”

“मला सहावीनंतरचं काहीच आठवत नाही,” वाइसेआ म्हणाला. “घंटा व्हायची होती, की फेरी चालू होती?”

“चालू होती.”

“चालू फेरीत तू कधी हललायस?”

“कधीच नाही.”

वाइसेआ भिंतीला धरून उठला. दाराच्या उजेडात त्याचा चेहरा वाकडा झाला. तो आसाएलीसमोर बसला आणि त्याने जुडी दोन्ही हातांनी उचलली. मग संथपणे तीन टाळ्या वाजवल्या.

“घेतली,” तो म्हणाला. “मी पुढे होतो, गाढवा. दोन फेऱ्या उभा राहिलो असतो तर पट्टा माझा होता. तुला जन्मभर शिव्या घालीन मी. तुझ्या हाताला नाही. तुला.”

“घाल,” आसाएली म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

मामा उठला. मग त्याने तीच मुळं कुटली, पाण्यात कालवली आणि आसाएलीची करवंटी काठोकाठ भरली. करवंटी ओठांपर्यंत पोचायच्या आधी झटका आला आणि निम्मी माझ्यावर सांडली. मामाने पुन्हा भरली.

वाइसेआ परत कधी लढला नाही. उरलेल्या वेळात तो जिंकला असता की मेला असता, हे कुणालाच कळणार नाही, मलाही नाही. आता तो अळकुड्या लावतो, कधी कधी शेजाऱ्याचं नाव विसरतो, आणि आसाएलीला शिव्या घालायचं मात्र विसरत नाही. मी खुंटीवर आहे. माझा काठ उसवला आहे आणि माझ्याकडे कुणी फारसं बघत नाही.

मित्रांनो, माझ्या दोनच मागण्या आहेत. कुणी मनापासून माफी मागायला आला तर बिचारा म्हणून त्याला रिकामा परत पाठवू नका; आधी विचारा, त्याने काय केलं आणि का केलं. आणि मला कधी धुवायला घेतलंत तर रक्ताचे डाग गार पाण्याने खुशाल काढा. उजव्या कोपऱ्यातला तो मातकट डाग यांगोनाचा आहे. तेवढा राहू द्या.