उंबरापाशी जमायचं

मी फळा बोलतोय. खडूने लिहायचा काळा फळा नव्हे. बालवाडीच्या दाराशी टांगलेला, हिरव्या कापडाचा, महिन्याचा फळा. या महिन्यात पोरं काय शिकणार, कोणी कधी काय आणायचं, नखं कधी कापून यायचं, ते सगळं माझ्या अंगावर टाचण्यांनी टोचलेलं असतं. महिना संपला की जुनं उपटायचं, नवं टोचायचं. दुखतं का, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी नाही असंच म्हणालो असतो.

माझं कातडं मुळातच निबर. जन्माने मी बिलियर्डच्या टेबलावरचं कापड. काठ्यांचे टोले, सिगारेटची राख, आणि एकदा तर लग्नाच्या आदल्या दिवशी पिऊन आलेल्या नवरदेवाची उलटी, एवढं सोसलेल्याला टाचणीचं काय कौतुक? तो दारूचा गुत्ता बंद पडला तेव्हा एलादिओ सुताराने ते टेबल लाकडासाठी उचललं. मला धुतलं, वाळवलं, प्लायवर ताणून बसवलं आणि बायकोला भेट दिलं. सोन्याची साखळी मागितली होती म्हणे तिने.

ती बायको म्हणजे इथल्या सिनियाबाई. आमच्या कोस्टा रिकात पोरं बाईंना 'नीन्या' म्हणतात, म्हणजे पोरगी. बाई साठीला टेकली तरी पोरगीच. आणि बाई मात्र सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतात. चिखलात लोळणाऱ्या चार वर्षांच्या पोराला 'तुम्ही', फाटकातून आत घुसलेल्या कुत्र्यालाही 'तुम्ही'. कुत्रा ऐकतो, पोर ऐकत नाही.

सप्टेंबर हा माझा सगळ्यात भरगच्च महिना. त्रिकोण आणि चौकोन, मक्याचं कणीस सोलणं, बरणीत पावसाचं पाणी मोजणं, दात घासायचा दिवस, उवा बघायचा दिवस. आणि चौदा तारखेला कंदील. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी, सहाच्या ठोक्याला, सगळा देश असेल तिथे उभा राहून राष्ट्रगीत म्हणतो. मग पोरं घरी केलेले कंदील घेऊन गावातून फिरतात. दुधाच्या खोक्याला खिडक्या कापायच्या, त्यावर रंगीत जिलेटीन चिकटवायचं, आत छोटी बॅटरी ठेवायची.

एलादिओ होता तोवर मिरवणुकीच्या पुढे तोच चालायचा, बैलगाडीएवढा कंदील घेऊन. दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्या आठवड्यातही बाईंनी माझा महिना वेळेवर बदलला. रडल्या नाहीत. फ्लोरीबाई, म्हणजे इथल्या स्वयंपाकीणबाई, म्हणाल्या की सिनिया दगडाची आहे. मला तसं वाटत नव्हतं. दुखायचं थांबलं की माणूस दगड होत नाही, नुसता बधिर होतो. मला अनुभव आहे. तेव्हापासून बाई मुकाट्याने टोचत होत्या, मी मुकाट्याने टोचून घेत होतो.

लोक मला वाचत नाहीत, हे सांगून ठेवतो. पोरांच्या आया येतात, मोबाइलने माझा फोटो काढतात आणि तो जन्मात पुन्हा उघडत नाहीत. वाचायची गरजच काय? त्या स्वतः याच बालवाडीत नाक पुसत वाढल्या. कंदील कधी, कणीस कधी, सगळं त्यांना तोंडपाठ.

मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी एकच आली, यादिरा. निकाराग्वाहून आलेली, पुष्पगुच्छांत घालायची नेच्याची पानं कापतात त्या शेतावर कामाला. ऑगस्टमध्ये तिने आपली पोर एस्कार्लेत इथे घातली. यादिरा माझ्यावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. ती पोरीला 'तू' म्हणायची, तिच्याकडची पद्धत तशी; इथे आयाही पोरांना 'तुम्ही'च म्हणतात. त्यावरून इथल्या आया एकमेकींकडे बघायच्या.

एस्कार्लेत कुणाशी बोलत नसे. खेळायला बोलावलं तर भिंतीला पाठ लावून उभी. पण कंदिलाचं तिने मनावर घेतलं. रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहायची आणि बाईंना विचारायची, आज का? बाई म्हणायच्या, अजून नाही. एकदा त्या तिच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मिरवणुकीत माझा हात धरून चालायचं. सगळ्यांच्या पुढे." पोरीने मान हलवली. त्या दिवशी ती पहिल्यांदा इतर पोरांच्या चटईवर जाऊन बसली. यादिराने ते दारातून पाहिलं. तिला किनाऱ्यावरची बहीण हॉटेलात कामाला बोलावत होती, आणि जायचं की राहायचं हे तिचं ठरत नव्हतं. फ्लोरीबाईंना ती म्हणाली, पोर रुळली तर राहीन.

आता माझ्यावर काय टोचलं होतं ते ऐका. बाईंच्या हातचा कागद, दरवर्षी होता तसाच: 'कंदील. संध्याकाळी साडेपाचला उंबरापाशी जमायचं.'

हा उंबर चौकातला. वादळात पडला त्याला इतकी वर्षं झाली की आजच्या आयांनी तो पोरपणीच काय तो पाहिला असेल. तिथे आता टायरचं दुकान आहे. पण गावातले सगळे पत्ते अजून उंबरापासूनच निघतात. उंबरापासून शंभर मीटर दक्षिणेला पाव मिळतो, दोनशे मीटरवर डॉक्टर. पत्र तसंच येतं, पाहुणे तसेच येतात. झाड नाही, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

यादिराने बोट त्या कागदावर ठेवलं आणि फ्लोरीबाईंना विचारलं, उंबर कुठे आहे?

"उंबर विचारता?" फ्लोरीबाई हसल्या. "आंधळ्यालाही सापडेल हो. सगळ्या गावाला माहीत आहे."

आजूबाजूच्या दोघी-तिघीही हसल्या. वाईट मनाने नव्हे, पण हसल्या. यादिरानेही थोडं हसून घेतलं आणि पुन्हा विचारलं नाही. परक्या गावात एकच प्रश्न दोनदा विचारायला फार छाती लागते.

पुढचं मी पाहिलं नाही. मी भिंतीवरचा. पण फ्लोरीबाई नंतर आठवडाभर माझ्यासमोर उभं राहून येईल तिला तेच सांगत होत्या, त्यामुळे मला पाठ झालं.

साडेपाचला चौकात सगळी जमली. एस्कार्लेत नव्हती. बाईंनी वाट पाहिली, मग म्हणाल्या, गेल्या असतील बहिणीकडे. आवाजात काही नव्हतं, रोजच्यासारखाच. सहा वाजले, राष्ट्रगीत सुरू झालं, बस थांबली, टायरवाला हात पुसत बाहेर आला. आणि गाता गाता फ्लोरीबाईंच्या डोक्यात उजेड पडला. त्या बाईंच्या कानाशी लागल्या: "सिनिया, ती मला उंबर विचारत होती."

राष्ट्रगीत चालू असताना आमच्याकडे कुणी पापणी हलवत नाही. बाई निघाल्या. सगळा गाव बघत राहिला.

गावात दुसरा उंबर एकच, खाली ओढ्यावर, कॉफीच्या जुन्या गिरणीमागे. फ्लोरीबाई मागून धापा टाकत पोचल्या तेव्हा बाई झाडाखाली उभ्या होत्या. यादिरा आणि पोर मुळावर बसलेल्या. धुतलेला पांढरा फ्रॉक, कंबरेला निळी फीत, मांडीवर खोक्याचं घर. आतली बॅटरी उतरत आली होती.

पोर उठली आणि बाईंना म्हणाली, "नीन्या, मी सगळ्यांच्या आधी आले."

बाईंनी सांगितलं की आम्ही ज्याला उंबर म्हणतो तो केव्हाच पडला.

"मग त्याचा पत्ता कसा देता?" यादिराने विचारलं.

"सवय झाली," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "माझं घरही लोकांना मी एलादिओच्या कारखान्यामागे असंच सांगते. तिथे आता गवत आहे."

आणि तिथे, दोन वर्षांनी, बाईंना रडू आलं. फ्लोरीबाई म्हणतात, हंबरडाच. पोर घाबरली आणि तिने आपण होऊन बाईंचा हात धरला. चौघी तशाच चढण चढून वर आल्या. तोवर मिरवणूक संपली होती. लोक घरोघरी गरम गुळाचं पाणी पीत बसले होते. चौकात कुणी नव्हतं. एस्कार्लेतने इकडे तिकडे पाहिलं आणि कंदील आईच्या पिशवीत ठेवला.

महिनाअखेरीला यादिरा पोरीचं नाव पटावरून काढायला आली. हे मात्र मी स्वतः पाहिलं. बाई म्हणाल्या, राहा, पोर रुळेल. पुढच्या वर्षी मी स्वतः घ्यायला येईन.

"तुमचा राग नाही, नीन्या," यादिरा म्हणाली. "पण इथे सगळं ज्याला आधीपासून माहीत आहे त्याच्यासाठीच लिहिलेलं असतं."

एस्कार्लेत पुन्हा भिंतीला पाठ लावून उभी होती. जाताना तिने चटईकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

माझं आता वय झालं. कापड विरलंय, कडेची पट्टी सुटली आहे, पुढच्या वर्षी माझ्या जागी मोबाइलसारखा काचेचा पडदा येणार असं ऐकतो. येऊ दे. मला स्वतःसाठी काही मागायचं नाही, मागण्याइतकं वाटतही नाही. फक्त एवढंच सांगून जातो: दारावर काही लिहाल तेव्हा गावाला विचारून लिहू नका. काल आलेल्या माणसाचे डोळे घेऊन चौकात उभे राहा, आणि समोर जे दिसेल ते लिहा.

ऑक्टोबरच्या पहिल्या सकाळी बाईंनी सहलीचा कागद टोचला: 'टायरच्या दुकानासमोर जमायचं.' आया आल्या, फोटो काढले, आणि या खेपेला पहिल्यांदाच गोंधळल्या. हे कुठे आलं आता? "अहो, उंबरापाशी," फ्लोरीबाई आतून म्हणाल्या. तेव्हा सगळ्यांना कळलं. बाई तिथेच माझ्यापाशी थांबून होत्या, दाराकडे बघत. तो कागद ज्यांच्यासाठी लिहिला होता, त्या दोघी किनाऱ्याकडच्या बसमधून कधीच निघून गेल्या होत्या.