टोपीतले खजूर

"प्लास्टिक बंद झालं, कागदी पिशव्या संपल्या," दुकानाच्या दारातला रखवालदार म्हणाला. गल्ल्यावर तर आता माणूसच नाही, नुसतं यंत्र. त्याच्याशी भांडणार तरी कसं?

"मग हे खजूर काय डोक्यावर ओतून नेऊ?" मी चिडून विचारलं.

"डोक्यावर नको, पाठीवर न्या," म्हणत माझ्या बायकोनं, तामोनं, माझ्या जेलाबाची, म्हणजे अंगातल्या पायघोळ झग्याची, पाठीवर लोंबणारी टोपी उघडली आणि सगळे खजूर तिच्यात ओतले.

फेझ शहरातली आमची गल्ली अरुंद, म्हणून ती मागून चालू लागली. संध्याकाळच्या धुक्यात, पुदिन्याच्या वासात भिंती विरघळल्यासारख्या वाटत होत्या. पाठीवरचं ओझं हळूहळू हलकं होत चाललं. लग्न नवं होतं तेव्हा ती अशीच मागून खजूर चोरून खायची. पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि दोघांचेही हात अडकले.

मी मागे वळलो नाही. चाल तेवढी कमी केली.

घरी येऊन टोपीत हात घातला, तर नुसत्या बिया.

"उद्या कापडी पिशवी विसरू नका," ती तोंड पुसत म्हणाली.

"नाही विसरणार," मी म्हणालो, आणि जेलाबा काढून दारामागच्या खुंटीवरची कापडी पिशवी त्याखाली झाकून टाकली.