खिळ्यावरचा विलायती बूट

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉलचा बूट आहे, उजव्या पायाचा. कोकणातल्या मिठबावात एका घराच्या ओटीवर खिळ्याला टांगलेला आहे आणि मनातून पार वैतागलेला आहे.

माझा जन्म इंग्लंडचा. हॅरल्ड नावाच्या एका व्यावसायिक बचावपटूने मला विकत घेतले. गिरण्यांच्या एका लहान शहराच्या संघात तो खेळायचा. बचावपटूचे नशीबच खोटे. शंभर चेंडू अडवले तरी कुणी बघत नाही, एक सुटला की सगळे मैदान शिव्या घालते. टाळ्या गोल करणाऱ्याला, लाथा आम्हाला. पण सामना संपला की हॅरल्ड आधी माझा चिखल खरवडायचा, मग स्वतःचा. पुढे त्याचा गुडघा गेला, संघाने त्याला सोडून दिले आणि आम्ही दोघे बूट बंदरावरच्या जुन्या मालाच्या दुकानात येऊन पडलो.

तिथून १९८४ साली बोटीवरच्या काशिनाथ खलाशाने आम्हाला उचलले. त्याचा धाकटा भाऊ सत्यवान गावच्या संघात बचावालाच खेळतो, असे तो दुकानदाराला सांगत होता. मी केवढा खूश झालो!

पण इथे खेळायचे मैदान देवळाच्या पुढ्यात. त्यांचे वडील परशुराम म्हणाले, "देवाची जागा ती. थंय चामड्याचा पायताण चलना नाय." सगळा संघ अनवाणी खेळे आणि मी घरी. सत्यवानाची आई रुक्मिणी मला खोबरेल तेल चोळी. सत्यवान अंगणात घालतो म्हणाला तरी ती म्हणे, "विलायतेचे बूट ते. चिखलात घालून वाट लावतलस."

शेवटी एका स्पर्धेचा अंतिम सामना मालवणात ठरला. तिथे चामड्याला बंदी नव्हती. सत्यवानाने मला घातले. परशुरामांनी नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, पोरांच्या पायांक यश दी रे म्हाराजा." पोरे म्हणाली, "व्हय म्हाराजा." मीही मनात म्हणालो.

अनवाणी खेळून सत्यवानाचे पाय पसरट झालेले. ते माझ्यात कोंबले गेले. तो वळायला गेला, घसरला आणि समोरच्याने गोल केला. कुठे उभे राहायचे ते मला पाठ होते, पण पाय ऐकेना. मध्यंतराला त्याने मला काढून टाकले. "माका जमना नाय," एवढेच म्हणाला. मग अनवाणी पायांनी त्याने एकही चेंडू जाऊ दिला नाही. पुढे खेळणाऱ्या आमच्या शिवाने दोन गोल मारले, आम्ही जिंकलो आणि लोकांनी शिवाला खांद्यावर घेतले. सत्यवानाकडे कुणी बघितले नाही. हॅरल्डचीच गत.

तेवढ्यात फोटोवाला आला. "सत्यवाना, बूट घाल, फोटो बरो येतलो," शिवा म्हणाला. झाले! फोटोत मी ऐटीत. आता येणारा-जाणारा तो फोटो बघतो आणि म्हणतो, "विलायतेचे बूट होते म्हणान जिंकले." ज्या सामन्यात माझ्यामुळे गोल बसला, त्याची शाबासकी मला मिळते. टाका न् टाका जळतो माझा.

आता गावाबाहेर सड्यावर, कातळाच्या माळावर, नवे मैदान झाले आहे, तिथे चामडे चालते. परवा सत्यवानाने मला खिळ्यावरून काढले, आत बोटे घालून पाहिली. मला वाटले, रोज घातले तर सवय होईल, त्याला माझी आणि मला त्याची.

"नको," तो आईला म्हणाला, "फाटले तर?" आणि त्याने मला परत टांगले.

मित्रांनो, वस्तू जपा असे तुम्हाला सगळेच सांगतील. जपा, पण वापरून जपा. फाटलो तर मला शिवता येते हो. एवढे कुणीतरी सत्यवानाला सांगा.