सहाणेवरचे चार वेढे

“मावशी, तुम्ही बाळाला गुपचूप झोपेचं काही चाटवता का हो?”

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज धाकटीच्या मैत्रिणींनी लावली होती. त्या दोघी तोंड दाबून खिडकीबाहेर उभ्याही होत्या. धाकटी नववीत शिकते. वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून ती कोणाला म्हणून भीत नाही. तिने विचारलं, आणि मालीशवाल्या मावशींचे तेलात माखलेले हात बाळाच्या पाठीवरच थांबले.

“चाळीस वर्षं बाळं न्हाऊ घालतेय मी,” मावशी म्हणाल्या. “असं आजवर कोणी विचारलं नव्हतं.”

आईने धाकटीला दटावायला हवं होतं. पण ती मावशींच्या तेलाच्या बाटलीकडेच टक लावून बघत राहिली. मावशींना ते दिसलं. त्यांनी बाळाला दुपट्यात गुंडाळून ताईच्या कुशीत दिलं, हात पुसले आणि त्या निघून गेल्या.

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. फळीवरून हे सगळं पाहिलं आणि खरं सांगते, मलाही मावशींचाच संशय आला. बारा दिवसांचं बाळ दोन दिवस नुसतं झोपत होतं. दूध प्यायलाही धड उठत नव्हतं. ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा जीव टांगणीला लागला होता.

मला एका पाथरवटाने घडवलं. तळहाताएवढी, गोल, तीन बुटक्या पायांची. आईच्या लग्नात मी तिच्यासोबत या घरात आले. माझ्यावर पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि वेखंड, हिरडा, जायफळ एकेक करून गोल फिरवायचं. एकदा फिरवलं की एक वेढा. असे मोजून वेढे द्यायचे आणि ती गुटी बाळाला चाटवायची. ताई माझ्यावर वाढली, धाकटी वाढली, शेजारपाजारची पोरंही वाढली. “हिच्यासारखी सहाण नाही,” असं कौतुक ऐकून मी आणखीनच गुळगुळीत व्हायचे.

गुळगुळीतच झाले होते मी. पूर्वी एका वेढ्यात जेवढं उतरायचं, तेवढ्यासाठी पुढेपुढे चार वेढे लागू लागले. आईच्या हाताला चारची सवय कधी लागली, ते तिलाही कळलं नाही. मग घरात बाळं होईनाशी झाली. कोणी मला दाराला अडकण म्हणून लावलं, कोणी माझ्यावर ओली छत्री टेकवली. मी रुसले, पण दगडाचा रुसवा कोणाला दिसतो?

ताईचे दिवस भरत आले तसे बाबा मला आणि पाट्याला पिशवीत घालून पाथरवटाकडे घेऊन गेले. “दोघांना टाकी लावून द्या,” म्हणाले.

“साहेब, सहाणेला कोणी टाकी लावतं का?”

“अहो, नातवंड येणार आहे! जुनं सगळं नव्यासारखं करायचंय.”

पाथरवटाने मान हलवली आणि छिन्नी उचलली. अंगभर टोचे पडले. मला वाटलं, चला, तरुण झाले!

मावशी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीही बाळ तसंच पेंगत होतं. तेलाची बाटली नव्हती, मावशी नव्हत्या. मी आईवर संशय घेतला, दुधावर घेतला, बिचाऱ्या वेखंडावरही घेतला. शेवटी संशय घ्यायला माझ्याशिवाय कोणी उरलंच नाही.

आई दहाव्या दिवसापासून बाळाला गुटी चाटवत होती. त्या दिवशीही तिने जायफळाचे चार वेढे दिले. धाकटी वाकून बघत होती.

“आई, एवढा लगदा? चमचाभर आहे की हा!”

“चारच वेढे दिलेत गं. नेहमीचेच.”

धाकटीने माझ्यावरून बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. बोटाचं साल निघालं होतं. “बाबा! हिला काय केलंत तुम्ही?”

बाबांनी सांगितलं. “म्हणजे आता एका वेढ्यातच चार वेढ्यांचं उतरतंय!” म्हणत आईने वाटी बाजूला सारली. पुढच्या दहा मिनिटांत सगळे दवाखान्यात होते. धाकटीने मलाही दप्तरात घालून नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं. “जायफळ जास्त झालंय. सहा महिने फक्त आईचं दूध, बाकी काही म्हणजे काही नाही. बाळाला आज इथेच राहू दे.”

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर जपा. पण आमच्यावर डोळे मिटून विसंबू नका. आमचंही अंग बदलतं, आणि आम्हाला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ भुकेने असं काही रडलं की ताईही हसता हसता रडू लागली.

“मावशींना निरोप धाडू कोणाकडून तरी,” आई हळूच म्हणाली.

“फोनच करून टाक,” बाबा म्हणाले.

“फोन नाही आणि निरोपही नाही,” धाकटी चपला घालत म्हणाली. “आई, बाबा, मी ठरवलंय. मी स्वतः मावशींच्या घरी जाणार, आणि खिडकीबाहेरच्या त्या दोघी मैत्रिणींना सोबत नेणार. ज्यांच्यासमोर विचारलं, त्यांच्यासमोरच माफी मागणार. आणि आई, तूही माझ्यासोबत येणार आहेस.”