नवसाबाईची पिकलेली पपई

अमावस्या म्हणून व्यापारी आला नाय. कारल्याला काय अमावस्या कळती? आईनं सकाळीच तोडून कॅरेट भरले आणि आमच्या घराशेजारच्या, शेतकरी गटाच्या थंड खोलीत ठेवले. ती खोली नसती तर उद्यापर्यंत सगळी कारली पिवळी पडली असती, आणि पिवळं कारलं व्यापारी हातात पण धरत नाय.

खोलीची चावी माझ्याकडं. शाळा सोडल्यापासून मला घरात बसवत नाय, म्हणून आईनंच गटाला सांगून ती माझ्या गळ्यात घातली.

दुपारी शेजारची नवसाबाई आली. डोक्यावर पाटी, पाटीत पिवळीधमक पपई.

"सायली, दार उघड बाई. उद्या व्यापारी येईल तवर राहू दे आत."

"पिकलेलं फळ आत नाय ठेवायचं, मावशे. त्याच्या वासानं कारली पण पिकत्यात. खोली बसवणारा सांगून गेलाय."

"माझी पपई काय चावनार हे का तुझ्या कारल्याला?"

"चावली तर बोलणी मलाच बसतील."

माझा आवाज चढला तशी आई बाहेर आली. आमच्या कारल्याच्या मांडवावर वेल चढवायला नवसाबाई मदतीला आलेली, आता आईला नाय म्हणवेना.

"एक रात्र ठेव गं," आई म्हणाली.

आमच्या गावाचं हे असंच. जागा दिसली की कुणाचंही ठेवून घ्यायचं.

मी चावी सोडली नाय. एक पपई दाबली, बोट आत गेलं.

"व्यापाऱ्याला हिरवट लागती, मावशे. हिला आजच खाणारं गिऱ्हाईक पायजे."

"आज अमावस्या हे."

"व्यापाऱ्याची. लोकं जेवत्यातच ना?"

मी पाटी वणीच्या जीपमधी टाकली आणि नवसाबाईला शेजारी बसवलं. तिथल्या स्टँडवर देवीच्या गडावरून दर्शन करून उतरलेली माणसं बसची वाट बघत होती. भेळवाल्याकडून सुरी मागून घेतली.

नवसाबाई पदर सारखा करत म्हणाली, "मला नाय बाई वरडता येत."

"तू काप. वरडायचं माझ्याकडं. आईला विचार."

ती हसली आणि कापायला बसली. बस यायच्या आत पाटी रिकामी. एक पपई तेवढी तिनं आईसाठी मागं ठेवली.

सकाळी व्यापाऱ्यानं आमचं एक कॅरेट पालथं करून खालची कारली बघितली. हिरवीगार. लगेच काट्यावर ठेवायला सांगितलं.

मी दार लावलं तर मागं नवसाबाई उभी, डोक्यावर पाटी.

"हिरवी आणली ना आज?"

"पिकलेली," ती म्हणाली. "जीप किती वाजता हे?"